तुमचा अडलेला क

तेरवीच्या दिवशी मी तुमच्याविषयी एक वाक्य बोलले. बोलले म्हणजे सवयीने तोंडातून गेलं. जेवणं आटोपली होती, बाया ओसरीत टेकल्या होत्या, आणि शेजारच्या म्हातारीने विचारलं, "गुरुजीले लय तरास त नाही झाला ना वो?" मी म्हटलं, "नाही जी. सुखानं गेले. जिंदगीभर त्याईले कष्ट मालूमच नवते." बायांनी माना हलवल्या. कोणी तरी म्हणालं, नशीबवान होते. मीही मान हलवली. मला वाटलं, मी तुमचं कौतुकच केलं.

ते वाक्य मला परत घ्यायचं आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्ही असता तर समोर बसून बोलले असते, आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत तुमचं उत्तरही मीच देऊन टाकलं असतं. आपल्या घरात तसंच चालायचं. कागदावर एक बरं आहे, इथे मला तुमच्या तोंडातला शब्द ओढता येत नाही.

तुम्ही अडखळायचे. हे साऱ्या आंधळगावाला माहीत होतं, आणि पुढच्या खेड्यातल्या तुमच्या शाळेलाही. बाकीची अक्षरं कशीबशी निघायची, पण क आला की संपलं. आवाजच बंद व्हायचा. डोळे मिटायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची, हनुवटी वर जायची, आणि समोरचा माणूस उगाच खांबाकडे नाहीतर चपलेकडे पाहायला लागायचा. मी मात्र कुठेही पाहायची नाही. मी शब्द द्यायची. तुमच्या ओठांवर क दिसला की माझ्या तोंडातून काम, काल, कपडा, कोणी, जे बसेल ते निघायचं. लोक म्हणायचे, गुरुजीची बाई हुशार आहे. मलाही ते गोड वाटायचं.

आणि देवाने तुमच्यासाठी सगळं क वरच वाढून ठेवलं होतं. माझं नाव कुंदा. माझं माहेर करडी. करडीला जायला एसटीत बसलो की तुम्ही कंडक्टरला नेहमी पुढच्या गावाचं तिकीट मागायचे आणि आपण अलीकडे उतरायचो. किती दिवस मला वाटलं, हा माणूस वेंधळा आहे. एकदा भर गाडीत तुमच्यावर ओरडले, "अजी, सासुरवाडी कोनती हे तरी ध्यानात ठेवत जा." गाडी हसली. तुम्हीही हसले. आपल्या घरी बाजारातून कारली, कोबी, काकडी कधी आलीच नाहीत. वांगी, भेंडी, चवळी याच्यावर आपला संसार झाला. कांदे आणायला सांगितले की तुम्ही बोट दाखवून आणायचे, आणि दुकानात गर्दी असली तर रिकाम्या पिशवीने यायचे. मी त्यावर काय काय बोलले ते आता लिहवत नाही.

लोक तुम्हाला पंडित समजायचे ते तुमच्या शब्दांमुळे. तुम्ही 'काल' न म्हणता 'आदल्या दिवशी' म्हणायचे, 'काम' न म्हणता 'उद्योग', 'कष्ट' न म्हणता 'श्रम', नाहीतर 'मेहनत'. तो जाडजूड शब्दकोश तुम्ही वाचायचे तसा दुसरं कोणी पोथीसुद्धा वाचत नसेल. मला वाटायचं, शौक आहे. पुस्तकातल्या माणसाचा शौक. आता इतका उशीर झाल्यावर मला दिसतं, की तुम्हाला प्रत्येक शब्दामागे आणखी दोन शब्द तयार ठेवावे लागत होते. वाक्य सुरू करायच्या आधी ते सगळं नजरेखालून घालायचं, क कुठे बसला आहे ते पाहायचं आणि तिथून वाट वळवायची. मास्तर म्हणून दिवसभर तेच. संध्याकाळी तुम्ही घरी यायचे तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला असायचा, जबडा दुखायचा म्हणून तुम्ही गालावर गरम फडकं धरायचे. आणि मी म्हणायची, "पंख्याखाली बसून घाम कायचा आला तुमाले?"

मला असं बोलायचा हक्क आहे असं मला वाटायचं, कारण मी कोसा रेशमाचा धागा काढत होते. तुमचं घर विणकराचं. सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच धागा काढायला बसवलं. कोसे खारात उकळायचे, चार-पाच कोशांचे धागे एकत्र धरायचे, आणि उघड्या मांडीवर तळव्याने घासून त्यांना पीळ द्यायचा. दुसऱ्या हाताने गुंडाळत राहायचं. मांडीची चामडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग निबर होते. पहिल्या पावसाळ्यात मला लुगडं लागलं तरी आग व्हायची. आता यंत्रं आली, पण हातच्या धाग्याला विचारणारे अजून आहेत, म्हणून मी थोडं काढत असते. तो काळा पट्टा अजून आहे. तो दाखवून मी तुम्हाला कितीदा गप्प केलं असेल. सारं घर घासलं जात होतं आणि घरातला एक जण खुर्चीची नोकरी धरून सुटून गेला, असंच माझ्या मनात होतं. सासूबाई मुलाला काही बोलायच्या नाहीत. त्यांच्या वाट्याचंही मी बोलायची.

तर तो रविवार. तुम्हाला आठवत असणारच, कारण मला आठवतो आणि त्या दिवशी जिंकले मी होते. मी ओसरीत धागा काढत होते, तुम्ही खुर्चीवर शब्दकोश मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "मी सकाळपासून कष्ट करून राहिली, आन तुमी पानं उलटून राहिले."

तुम्ही शब्दकोश मिटला. खुर्चीवरून उठून खाली माझ्यासमोर येऊन बसले, असे तुम्ही कधी बसायचे नाहीत. मांडीला लावायला मी ताटलीत राख घेऊन बसायची, त्या राखेत तुम्ही बोटाने लिहिलं: कष्. खाली मोडलेला पाय.

"हा जुना धातू हाय," तुम्ही म्हणाले. "घासणं. खरवडणं. सोनं ज्या दगडावर घासून पाह्यते, त्याचं नावबी याच्यातूनच..."

"कसोटी," मी म्हटलं.

"हो." तुम्ही राखेतल्या अक्षरावर बोट ठेवलं. "तुझा शब्द याच्यातूनच निघाला असं मानतात. नक्की असं सांगता येत नाही, पंडितांचं एकमत नाही. पन मले पटते. तू मांडीवर धागा घासते, तेच."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्या निबर मांडीला संस्कृतात जागा आहे हे ऐकून कोणाला बरं वाटणार नाही. पण तुम्ही तिथे थांबले नाही. तुम्ही म्हणाले की मूळचा हा शब्द कामाचा नाहीच. दुखण्याचा आहे. जुन्या काळी माणूस हळहळला की अरेरे म्हणावं तसा हाच शब्द त्याच्या तोंडून निघायचा. जे सोसवत नाही ते, जे वाईट आहे ते. कामाला तो मागाहून चिकटला. म्हणून तर दुःखी माणसाला आपण अजूनही तसंच म्हणतो, तुम्ही म्हणाले, आणि मी लगेच म्हटलं, "कष्टी." हे सगळं सांगायला तुम्हाला किती वेळ लागला, मध्ये किती वाटा वळवाव्या लागल्या. माझे कोसे थंड होत होते. मी म्हटलं, "बरं मंग?"

तुम्ही राखेतल्या त्या अक्षराकडे पाहत म्हणाले, "म्हनजे हात चालले पाह्यजे असं नाही. ज्याचं आतून घासलं जाते, त्यालेबी हा शब्द लागू होते. मलेबी क..."

आणि अडले. डोळे मिटले. शीर ताठली.

मी म्हटलं, "कंटाळा येते. मालूम हाय मले." आणि हसले. सासूबाई आत होत्या, त्याही हसल्या. तुम्ही डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि तुम्हीही हसले. मग हात झटकून उठले. ती राख मी मांडीला लावली आणि पुढचा धागा धरला.

तेव्हापासून तो वाद तुम्ही पुन्हा काढला नाही. मी मात्र पुष्कळदा काढला. मी कष्ट करते, तुम्ही नोकरी करता, हे माझं पालुपद होतं, आणि तुम्ही प्रत्येक वेळी मान हलवून कबूल करायचे. मला वाटायचं, पटलं. तुम्हाला पटलं नव्हतं, तुम्ही थकले होते. शाळेतून घासून घासून आलेल्या माणसाला घरी आणखी एक शब्द काढायचा धीर नव्हता, आणि काढला असता तरी मी तो मध्येच धरला असता.

भंडाऱ्याच्या दवाखान्यातही मी तेच केलं. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, काय होतंय. तुम्ही तोंड उघडलं. मी सांगून टाकलं, छातीत दुखते, रात्री झोप नाही, जेवण नाही. डॉक्टर म्हणाले, "ताई, त्यांना सांगू द्या." मी म्हटलं, "त्याईले टाइम लागते साहेब." डॉक्टर हसले आणि त्यांनी माझ्याकडून ऐकून लिहून घेतलं. जे मी सांगितलं ते खरंच होतं, औषधात काही चूक झाली नाही. पण तुम्हाला काय होतंय हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगितलं नाही, हेही खरं आहे. तुम्ही उशीवर मान वळवली आणि खिडकीकडे पाहत राहिले. मी तुमचं पांघरूण सारखं केलं आणि मनात म्हटलं, मी नसते तर या माणसाचं कसं झालं असतं.

तुमच्या बहिणीने तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मला एक गोष्ट सांगितली. वच्छलाताई निघायच्या तयारीत होत्या, पिशवी भरता भरता सहज बोलल्या. लग्नात तांदळात नवरीचं नवं नाव लिहितात ना, तेव्हाची. माझं नाव क वरचं, तुम्हाला ते जन्मात बोलता येणार नाही, म्हणून त्यांनी तुमच्यासाठी दुसरं नाव शोधून ठेवलं होतं. वनिता. व तुम्हाला सोपा जायचा. घरच्या सगळ्यांना पसंत होतं. आपल्याकडे बायकांची नावं बदलतातच, मलाही काही वाटलं नसतं. तुम्ही ताट पुढे ओढलं आणि अंगठीने तांदळात 'कुंदा'च लिहिलं. ताईंनी कानात विचारलं, "असं काहून केलं गा? हाक कशी मारशीन तिले?" तर तुम्ही म्हणाले, "तिचं नाव हाय. तिच्यापाशीच राहू दे."

ताईंना ते हट्टाचं वाटलं होतं. मी तर तुमच्याबद्दल त्याहून वाईट समजत आले होते. उखाण्यात तुम्ही नाव घ्यायला उभे राहिले, क वर अडले, मांडव हसायला लागला, आणि मी नवी नवरी असून मान वर करून स्वतःचं नाव मीच बोलून टाकलं. तो माझा पहिला दिलेला शब्द. नंतर सारा जन्म तुम्ही मला 'अवो' म्हणाले. दुसऱ्यांचे नवरे बायकोला नावाने हाक मारायला लागले, टीव्ही पाहून लाडाची नावंही ठेवायला लागले, आणि मी मनात धरून बसले की या माणसाला माझं नावसुद्धा जड झालं. जड होतंच. सोपं नाव समोर तयार असताना तुम्ही जड ते घेतलं. मी दोन्ही गोष्टी एका ठिकाणी ठेवून पाहिल्याच नाहीत.

ताई गेल्यावर मी धागा काढायला बसले आणि हात चालेना. तेरवीला बोललेलं वाक्य तोंडात कडू झालं. जिंदगीभर त्याईले कष्ट मालूमच नवते. हे मी बोलले. ज्या एका बाईने तुमचा सदरा रोज पिळून वाळत घातला, तिने हे चारचौघींत सांगितलं, आणि आता गावात तेच चालणार, कारण बायकोपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार.

मग शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. पोरांना गुरुजींसाठी कार्यक्रम करायचा आहे, तुम्ही या, दोन शब्द बोला. मी लगेच हो म्हटलं. आपली पोरगी नागपूरहून म्हणाली, आई, जमेल का तुला. मी म्हटलं, बोलणं मले कधी जड गेलं. मनात पक्कं ठरवलं होतं की काय बोलायचं. ते वाक्य उलटवायचं, तेही माईकवर.

तुमच्या शाळेत मी त्याआधी फक्त झेंडावंदनाला आले होते, तेही बाहेरच्या बाहेर. तुम्हाला शिकवताना मी कधी पाहिलं नाही. मला भीती वाटायची, पोरं हसत असतील आणि मला ते पाहवणार नाही. त्या दिवशी तुमचा वर्ग पाहिला. फळ्याच्या वर तुमच्या हाताने काढलेली बाराखडी. पोरं सतरंजीवर ओळीने बसलेली. कोणी तरी तुमची खुर्ची पुसून मध्ये ठेवली होती, त्यावर झेंडूची फुलं.

मी उभी राहिले. नमस्कार केला. म्हटलं, "गुरुजींनी जन्मभर..." आणि पुढचा शब्द आला नाही. क पर्यंत आले आणि आवाजच बंद झाला. रडू नव्हतं ते, रडू मला माहीत आहे. शब्द समोर दिसत होता, चांगला ओळखीचा, दिवसातून दहादा वापरलेला, आणि तो निघत नव्हता. माझी हनुवटी वर गेली. मला कळलं की ती तुमच्यासारखी वर गेली आहे. मी वाट पाहू लागले की कोणी तरी देईल. मोठ्या बाई देतील, एखादं पोर देईल. मी असते तर केव्हाच दिला असता.

कोणी दिला नाही. पहिल्या ओळीतल्या एका पोरीचे ओठ हलले, तर शेजारच्या पोरीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिने ओठ मिटले. सगळ्या पोरांनी माना खाली घातल्या होत्या. लाजून नाही, कंटाळून नाही. आपापल्या पायांकडे पाहत ती शांत बसली होती, जशी एसटीची वाट पाहत बसतात. मागची, पुढची, सगळी. त्या शांततेत मला कोणी घाई करत नव्हतं. मला इतका वेळ कोणी कधी दिला नाही, आणि मी तर कोणालाच दिला नाही.

निघाला शेवटी. "कष्ट केले," मी म्हटलं. "गुरुजींनी जन्मभर कष्ट केले. मी गावात उलटं सांगतलं होतं. ते खोटं हाय." एवढंच बोलून मी बसले. पोरांनी माना वर केल्या.

नंतर चहा देताना मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमाले नवल वाटलं असन. गुरुजीचा नियम हाय हा वर्गात. वाचताना कोनी अडलं त शब्द द्यायचा नाही. तोंडाकडं पाहाचं नाही. त्याचा शब्द हाय, त्यालेच बोलू द्या, असं म्हनत. आमी मास्तर लोकबी चुकून बोललो त पोरं आमाले दटावत." मग त्या हसून म्हणाल्या, "घरीबी असनच हा नियम."

मी चहाचा घोट घेतला आणि हो म्हटलं. आणखी एक खोटं. ते मात्र मला तिथे परत घेता आलं नाही.

अजी, घरी काहून नाही सांगितला? पोरांना शिकवला, मास्तरांना शिकवला, पहिलीतलं पोरही तो पाळतं. मला एकदा तरी तुम्ही म्हणायला हवं होतं, थांब. थांब हा शब्द तर तुम्हाला येत होता. की तुम्ही पाहत होते, ही आपणहून कधी थांबते का? असं मनात आलं की मला तुमचा राग येतो, आणि राग आला की बरं वाटतं, कारण मग थोडा वेळ दुसरं काही वाटत नाही. तुम्ही मला इतकं सांभाळून घ्यायला नको होतं. मी काही लहान पोर नव्हते, नियम सांगितला असता तर शिकले असते. कोशातून धागा ओढून निघत नाही, घाई केली की तुटतो, तो जसा येईल तसा घ्यावा लागतो, हे सासूबाईंनी मला एका दिवसात शिकवलं होतं. ते मी कोशाला लावलं. तुम्हाला लावलं नाही.

तरी इतकी वर्षं तुम्ही माझ्यासमोर तोंड उघडत राहिले. शब्द हिसकावला जाणार हे माहीत असून रोज संध्याकाळी काही ना काही सांगायला बसले. शाळेतली गंमत, शब्दाची गोष्ट, कोणाचं पोर वाचायला लागलं ते. दुसरा कोणी मुका झाला असता. याच्याबद्दल तुमचे उपकार मानायला मला जागा नाही, म्हणून इथे मानते.

आता मी दुपारी ओसरीत बसते. कोशांची टोपली इथे, राखेची ताटली इथे, तुमची खुर्ची समोर. तो रविवार मी पुन्हा पहिल्यापासून चालवते. तुम्ही खाली येऊन बसता, राखेत लिहिता, कसोटी तुम्हीच म्हणता, कष्टी तुम्हीच म्हणता, कितीही वेळ लागू दे. कोसे थंड होऊ दे. मग तुम्ही म्हणता, "मलेबी क..."

पुढचा शब्द कोणता ते मला माहीत आहे असं वाटतं. पण असं तर मला तेव्हाही वाटलं होतं. तो तुमचा आहे, तुम्हीच काढा. मी खाली माझ्या पायांकडे पाहत बसले आहे.